सारंगीणकाकीच्या एकतीस माळा

"कापू नको. सोडते मी," सारंगीणकाकी सुईणीला म्हणाली आणि दाभण घेऊन पुन्हा माळेवर वाकली.

मी तिथून चार हातांवर तिच्याच घराच्या मागच्या खोलीत गोधडीवर पडले होते. मी अडले होते. कळा आदल्या दिवशी सकाळी सुरू झाल्या होत्या आणि आता दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. मूल पोटात आडवं होतं. बाई अडली की घरातली सगळी कुलपं उघडायची आणि सगळ्या गाठी सोडायच्या, म्हणजे मूल सुटतं, अशी आमच्याकडे रीत होती. कुलपं उघडून झाली होती. माझे केस मोकळे केले होते. गायीचं दावं, विहिरीवरचा दोर, सुकटीची बोचकी, पापडाच्या डब्यावरचं फडकं, सगळं सुटलं होतं. माझं मंगळसूत्र तारेचं होतं, त्याचा आकडा काढून ते तसंच गळ्यावर ठेवलं होतं. राहिल्या होत्या काकीच्या माळा. माळा एकतीस होत्या, आणि प्रत्येक माळेत दर दोन मण्यांच्या मध्ये एक गाठ होती.

मी मरायला टेकले होते आणि ती दाभणाने एकेक गाठ उकलत होती.

तिच्याविषयी आता कोणी विचारलं तर मी हेच आधी सांगते. बाकीचं मागाहून.

महायुद्ध संपून सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान जकातीच्या कचेरीत कारकून होते, त्यांची बदली हर्णैला झाली. बंदरावर जाणाऱ्या रस्त्याला सारंगीणकाकीचं घर होतं, त्यातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. तिचा नवरा बोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. वर्षातले दहा महिने तो एडन, बसरा, झांजीबार करीत असायचा. मूलबाळ नव्हतं. म्हणून सगळं गाव तिला सारंगीणबाई म्हणायचं. मी काकी म्हणायचे.

मी गाडीतून उतरले तेव्हा ती ओटीवर उभी होती. जांभळं लुगडं आणि त्यावर मोत्यांची तिपेडी माळ. पदर माळेच्या आड येऊ नये म्हणून खांद्यावर सारून पक्का खोचलेला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, गळ्याकडे पाहिलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सामान मागून येतंय.

"सामानाचं कोण विचारतंय? गळ्यातलं."

माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि माझ्या माहेरी मंडणगडाकडे तेवढं असलं तरी बाई पुरी झाली असं समजत. काकीला ते पटलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने मला सांगितलं की रिकाम्या गळ्याने ओटीवर बसू नको, रस्त्यावरून जाणाऱ्याला घर पडीक वाटतं. मग मी ओटीवर तांदूळ निवडायला बसले की ती आतून एक माळ आणून माझ्या गळ्यात घालायची. तांदूळ निवडून झाले की काढून घ्यायची. माझं लुगडं कुठलं आहे ते बघूनच माळ निवडायची. एकदा मी मातकट रंगाचं जुनेर नेसले होते तर म्हणाली, आज तू आतच बस, या रंगाला माझ्याकडे काही नाही.

तिच्याकडे फणसाच्या लाकडाची पेटी होती. तीत प्रत्येक माळ वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली. सकाळी अंघोळ झाली की दिवसाचं लुगडं ती झोपाळ्याच्या दांडीवर टाकायची, त्यावर एकेक माळ ठेवायची आणि डोळे बारीक करून मागे मागे सरायची. लांबून कसं दिसतं ते बघायला. अशीच मागे सरता सरता एकदा ओटीवरून अंगणात पडली आणि पाय मुरगळून पंधरा दिवस खाटेवर होती. समाचाराला आलेल्या बायका सांगत की पायाला हळदीचा लेप आहे म्हणून तिने गळ्यातही पिवळ्या मण्यांची माळ घातली होती. ती मी स्वतः पाहिली. शोभत होती.

तिचे कायदे सरकारी कायद्यांपेक्षा कडक होते. हिरव्यावर पोवळं. जांभळ्यावर मोती. काळ्या चंद्रकळेवर सोनं. पिवळ्यावर सोनं घालणाऱ्या बाईला ती सरळ विचारायची की तुझ्या घरी दिवा नाही का. विहिरीवर जायची माळ वेगळी, देवळाची वेगळी, मासळी घ्यायला जायची वेगळी. मासळीची काचेच्या निळ्या मण्यांची होती, कारण कोळणी भाव सांगताना गळ्याकडे बघतात, आणि काचेवर त्या भाव चढवत नाहीत असं तिचं म्हणणं.

कोणाकडे मयत झालं तर तिथे जायची माळही होती. काळे मणी आणि मध्ये एकच चांदीचा. पण ती सरसकट घालायची नाही. गेलेलं माणूस कोण, घरातल्यांना त्याचं खरंच किती वाईट वाटतंय, याचा आधी विचार करायची. शेजारच्या एका घरात सासू गेली. त्या सासूने सुनेला दहा वर्षं धड जेवू दिलं नव्हतं. काकी तिथे पोवळं घालून गेली. आत सून रडत बसली होती, तिने मान वर करून पाहिलं आणि पदरात तोंड लपवलं. बायकांना वाटलं हुंदका आला. मी शेजारी होते. तो हुंदका नव्हता.

माळा इतक्या आल्या कुठून, तर निम्म्या सारंगाने आणल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने कुठूनशी लाल मण्यांची माळ आणली होती आणि नवी नवरी होती म्हणून ही म्हणाली, छान आहे. त्या दिवसापासून जगातल्या कुठल्याही बंदरात बोट लागली की तो लाल मणी विकत घ्यायचा. वीस वर्षं. ती माळ हातात घेऊन म्हणायची, बरी आहे. तो बंदरावर चिलीम ओढायला गेला की माळ सोडायची, लाल मणी डब्यात टाकायची आणि चार-चार करून दुसऱ्या माळांत घालायची. दापोलीचा पटवेकर माळा गाठून द्यायचा, पण त्याला ती हात लावू देत नसे. सगळं स्वतः ओवायची. गाठीही तिच्याच. पूर्वी एकदा बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना तिच्या माळेचा दोरा तुटला आणि बसऱ्याचे मोती समुद्रात गेले. तेव्हापासून ती दर दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारायची. एका ठिकाणी दोरा तुटला तर एकच मणी जावा.

बुरोंडीला एका लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. नवरीचा शालू डाळिंबी आणि गळ्यात आईने घातलेली सोन्याची बोरमाळ. काकीने नवरीच्या आईला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुझी मुलगी दिसतच नाहीये, शालूच दिसतोय. त्या बाईला रडू फुटायच्या आत काकीने आपली मोत्यांची तिपेडी काढून नवरीच्या गळ्यात घातली. खरं सांगायचं तर मुलगी उठून दिसायला लागली. नवऱ्या मुलानेही पाहिलं. तोवर तो नारळाकडे पाहत होता.

पण माळ दिल्यापासून काकीचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा-नवरी होमाभोवती फिरायला लागली तशी ही त्यांच्या मागून चालू लागली. भटजींनी डोळे वटारले, ही थांबली नाही. सात पावलं नवरीने टाकली आणि सातही हिने टाकली. पंगत बसायच्या आधी तिने नवरीच्या मानेमागे हात घालून माळ काढून घेतली. नवऱ्याकडच्यांनी तोवर ती माळ मुलीच्या अंगावरच्या दागिन्यांत धरली होती. सासरा उठून उभा राहिला. काकी त्याला म्हणाली, "सून तुमची, माळ माझी. दोन्हीतलं एकच मिळेल." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली की ह्याच्या बायकोने पिवळ्यावर सोनं घातलंय, असल्या घरात मोती द्यायचे नाहीत.

अशी बाई. आता परत त्या दुपारकडे येते.

मला माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण हर्णैलाच करायचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मूल हलेना तेव्हा यजमान दापोलीला डॉक्टर आणायला गेले. ते येईपर्यंत सुईण, काकी आणि मी. सुईण म्हातारी होती, विधवा, हाताने जाड, बोलायला कमी. काकी बोलायला कमी नव्हती. ती पहिल्या दिवसापासून खोलीच्या दारात उभी राहून सुईणीला सांगत होती की असं कर, तसं कर, तिची मान उंच घे, ती गोधडी बदल, त्या गोधडीच्या तांबड्या ठिगळाने खोली अंगावर येते.

सुईणीने गाठींचं काढलं तेव्हा काकी उत्साहाने घरभर फिरली. गाय मोकळी सोडली, ती आगरात जाऊन कोवळी केळ खाऊन आली. मग सुईण पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, त्यातलं पण. काकीने ऐकलं नाही असं दाखवलं. सुईणीने पुन्हा सांगितलं. काकी म्हणाली, त्या गाठी लहान आहेत.

"गाठ ती गाठ," सुईण म्हणाली.

काकीने पेटी ओढत माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी आणली, पितळी परात घेतली आणि बसली. पहिली माळ उकलायला तिला बराच वेळ लागला. वर्षानुवर्षांच्या गाठी, घामाने, तेलाने घट्ट झालेल्या. गाठ सुटली की मणी परातीत पडायचा, टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण्ण. मला कळ आली की मी ओरडायचे, कळ गेली की तो आवाज ऐकायचे. त्या आवाजावरून मला कळत होतं की अजून पहिलीच माळ चालू आहे. माझ्या मनात तिच्याविषयी जे येत होतं ते मी इथे लिहीत नाही.

सुईणीने कातर मागितली. काकी म्हणाली, कापू नको, सोडते मी. दोरा कापला तर माळ मेली, कुठल्या मण्यामागे कुठला ते पाठ राहायचं नाही. सुईणीने माझ्या पोटावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि तिथूनच विचारलं:

"बाय, माळा कापतेस, की हिच्या मयताला कुठली घालायची ती काढून ठेवतेस?"

परातीतला आवाज थांबला. मी मान वळवून पाहिलं. काकी पेटीत बघत होती. मला वाटलं, ही आता खरंच निवडते आहे. मग तिने फळीवरून सुपारी कातरायचा अडकित्ता काढला, मोत्यांची तिपेडी उचलली, आणि एकेका गाठीवर अडकित्ता चालवायला लागली. कट, कट, कट. मोती, पोवळी, काच, रुद्राक्ष, झांजीबारचे लाकडी मणी, सारंगाचे लाल मणी, सगळे एका परातीत. ती परात भरली, दुसरी घेतली. ती रडत नव्हती. शिव्या देत होती. कोणाला ते मला कळलं नाही, बहुतेक मलाच.

एकतीस माळा संपल्या. मूल हललं नाही.

काकी पुन्हा दारात येऊन उभी राहिली आणि सांगायला लागली की आता हिला उठवून बसव. सुईणीने तिच्याकडे पाहिलं.

"अजून हाय एक घरात," ती म्हणाली.

काकीचा हात गळ्याकडे गेला. गळ्यात आता फक्त मंगळसूत्र राहिलं होतं. काळी पोत, दोऱ्यात ओवलेली, मागे गाठ मारलेली. नवरा दर्यावर असताना कुठली बाई ती गाठ सोडेल? सुईण तसं म्हणालीही नाही. नुसती बघत राहिली. तेवढ्यात मला कळ आली आणि मी ओरडले, पण आवाज निघाला नाही. तो निघाला नाही हे तिघींच्याही लक्षात आलं.

"ही नाही सुटायची," काकी म्हणाली. "मीच जाते घराबाहेर."

"जा. गडग्यापलीकडे जा. बोलवीपर्यंत येऊ नको."

काकी गेली. अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. खिडकी त्याच बाजूला होती. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाची वेळ झाली होती आणि सगळ्या बंदराचा रस्ता तिथूनच जात होता. गावाने वीस वर्षांत तिचा गळा असा मोकळा पाहिला नव्हता. टोपल्या घेतलेल्या कोळणी थांबू लागल्या. एकीने विचारलं, काय गो सारंगीणबाई, सारंगाची तार आली काय? काकीने तिला सगळं सांगितलं: आत बाई अडली आहे, गाठी सोडल्या, माळा कापल्या, ही पोत सोडता येत नाही म्हणून ती घेऊन बाहेर बसले आहे.

कोळणीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग ती पेटीच उचलून बाहेर आणून ठेवायची होतीस. माळा कशाला कापल्यास?"

मला आतून ऐकू आलं. सुईणीलाही आलं. तिने वर पाहिलं नाही, ती कोपरापर्यंत हात गरम पाण्याने धूत होती, मग खोबरेल लावत होती. बाहेरून काकीचा आवाज आला.

"तुझी मासळी शिळी आहे. वास येतोय. जा पुढे."

पुढचं मला नीट आठवत नाही. सुईणीचा हात आठवतो. तिने मूल आतल्या आत फिरवलं. दिवे लागायच्या आत मुलगी झाली, पायाळू, आधी निळी, मग उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्यावर लाल. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी चहा घेतला आणि सगळं व्यवस्थित आहे असं सांगितलं. ते मलाही दिसत होतं.

बारशाच्या दिवशी मी सुईणीला विचारलं, खरंच त्या एका गाठीने अडलं होतं का. ती म्हणाली, "गाठी सोडायच्याच असतात. पण मूल हाताने फिरवायचं असतं, नि मला त्याला गप्प घर लागतं. ही दारात उभी राहून बोलत होती. माळा सोडीत होती तोवर गप्प होती. त्या संपल्या नि परत आली."

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. तोंडावर बोलण्याबद्दल मी सासरी, माहेरी आणि शेजारी नाव कमावलेलं आहे. पण हे मी काकीला कधी सांगितलं नाही.

काकीने त्या पावसाळ्यात माळा पुन्हा ओवायला घेतल्या. दोन परातींतले मणी निवडत ओटीवर बसायची. माझ्या मुलीला ती नावाने हाक मारत नसे, एकतीशी म्हणायची. एकतीशी रांगायला लागली आणि परातीत हात घालायला लागली. एक लाल मणी तिने गिळला. काकीने दोन दिवस वाट पाहून तो परत मिळवला, धुतला आणि परातीत टाकला. सात माळा जुळल्या. आठवीला तिला मण्यांचा क्रम आठवेना. मोती घेऊन बसायची, ठेवायची. शेवटी म्हणाली, आता डोळे गेले, आणि उरलेले मणी कापडात बांधून पेटीत ठेवले. त्याला तिने गाठ मारली नाही, नुसती घडी घातली.

शिमग्याला सारंग आला. एकतीसच्या जागी सात माळा झाल्या आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने लाल मण्यांची माळ आणली होती. काकी म्हणाली, बरी आहे. ती माळ तिने सोडली नाही. जशीच्या तशी घातली, कशावरही.

पुढे सहा-सात वर्षांनी ती विषमज्वराने गेली. सारंग तेव्हा नोकरी सोडून घरी आला होता, म्हणजे ती सवाशीण गेली. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि कोणीतरी सोन्याची ठुशी काढली. मी म्हटलं, सोनं नाही, हिरव्यावर पोवळं. बायका म्हणाल्या, आता काय त्याचं. मी म्हटलं, पोवळंच. सारंग दारात उभा होता. त्याने मला विचारलं की पोवळं म्हणजे त्यातलं कुठलं. त्यातली निम्मी त्यानेच आणली होती. मी काढून दिलं आणि मीच घातलं.

सुईण त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. त्या दुपारी त्या घरात आम्ही तिघी होतो, आणि चौथी पोटात. त्यांतली मी आहे आणि माझी मुलगी आहे.